स्मेल्टचा दाखला देऊन वलगणीची लूट खपवू नका

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात वाचकांच्या पत्रांत एक पत्र आलं होतं, चढणीच्या माशांवर, म्हणजे पहिल्या पावसात अंडी घालायला ओढ्यातून वर चढणाऱ्या माशांवर, बंदीबिंदी घालायची भाषा करू नका असं सांगणारं. मुद्दा त्यांचा असा की अमेरिकेत दर वसंतात अंडी घालायला ओढ्यात चढणारे स्मेल्ट नावाचे छोटे मासे लोक रात्री जाळ्या घेऊन बादल्याच्या बादल्या भरून नेतात, सरकार काही बोलत नाही, उलट त्याचा सण करतात, मग कोकणातल्या माणसानेच पहिल्या पावसात चार मासे धरले तर पर्यावरणवाल्यांच्या पोटात का दुखतं. पत्र वाचायला झकास होतं, आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दहा जणांनी फॉरवर्ड केलं आणि खाली अंगठे पण भरपूर आले. पण ज्या माशाचा दाखला त्यांनी दिलाय तो मासा मी तिकडे जाऊन धरलाय आणि खाल्लाय, आणि मी राहतो महाड तालुक्यात, म्हणजे वलगण, ही माशांची चढण, पण दरवर्षी दारातच बघतो, म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

माझी मुलगी अमेरिकेत मिनेसोटा राज्यात मिनियापोलिसला असते. तिच्याकडे गेलो होतो तेव्हा एप्रिलच्या शेवटाला जावई आम्हाला त्याच राज्यातल्या डुलुथला घेऊन गेले, अडीचशे किलोमीटर असेल, लेक सुपिरियर नावाच्या अवाढव्य तलावाच्या टोकाला. बर्फ नुकता वितळलेला, थंडी अशी की कानाच्या पाळ्या जाग्यावर आहेत का ते हात लावून बघावं लागत होतं. अंधार पडला की लोक किनाऱ्यावर आणि नदीच्या तोंडाशी जमायला लागतात, छातीपर्यंत येणारी रबरी पॅन्ट घालून, डोक्याला बॅटरी बांधून. नदीच्या तोंडाशी लांब दांड्याची जाळी पाण्यात घालून उचलतात आणि पार्क पॉइंट म्हणून लांबच लांब वाळूची पट्टी आहे तिथे दोघं दोन टोकं धरून जाळं ओढतात, आपली रापणच म्हणा पण चिमुकली. मागे शेकोटी, बिअर, पोरांचा आरडाओरडा. मासा वीतभर, चंदेरी, अंगाला काकडीचा वास येतो, खरंच येतो, हिने पिशवी हुंगून दोनदा खात्री केली. हाच तो स्मेल्ट. डोकं आणि आतडी काढून पिठात घोळवून तळतात आणि काट्यासकट खातात, मांदेलीसारखा. आम्हाला रात्रभरात पाव बादली पण मिळाला नाही, शेजारच्या टोळक्याची मात्र भरली. तर पत्रलेखक म्हणतात ते दृश्य अगदी खरं आहे, त्यात माझा वाद नाही.

वाद पुढचा आहे. हा मासा तिकडच्या मोठ्या तलावांतला मुळी नाहीच. स्मेल्ट अटलांटिकच्या किनाऱ्याकडचा. १९१२ साली मेन राज्यातल्या ग्रीन लेकमधून त्याची अंडी आणून मिशिगनमधल्या क्रिस्टल लेकमध्ये सोडली, कशासाठी तर तिथे सॅमन वाढवायचे होते आणि त्यांना खायला काहीतरी हवं होतं. सॅमन काही जगले नाहीत, त्यांचा चारा मात्र जगला. तिथून निसटून १९२३ पर्यंत लेक मिशिगनमध्ये सापडायला लागला आणि मग हळूहळू वरच्या सगळ्या मोठ्या तलावांत पसरला. १९४२-४३ च्या हिवाळ्यात लेक ह्युरॉन आणि मिशिगनमध्ये हे मासे रोगाने अफाट मेले, लोकांना वाटलं संपले, तर काही वर्षांतच परत भरले.

पुढचा भाग मला जावयाच्या ऑफिसातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी शेकोटीपाशी सांगितला आणि नंतर मी वाचून पण काढला, कारण मला पटेना. त्या तलावांत लेक ट्राउट नावाचा मोठा शिकारी मासा होता, तो समुद्रातून घुसलेल्या लॅम्प्रेने, म्हणजे दुसऱ्या माशाला चिकटून रक्त पिणाऱ्या ईलसारख्या प्राण्याने, १९४० आणि ५० च्या दशकांत जवळजवळ संपवला. खाणारा संपला म्हणून स्मेल्टची चंगळ झाली. डुलुथच्या म्हाताऱ्या लोकांच्या ज्या गोष्टी आहेत, साठ-सत्तरच्या दशकांत हजारो माणसं यायची, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या, एका खेपेत कचऱ्याचा डबा भरायचा वगैरे, त्या सगळ्या त्या काळातल्या. मग लॅम्प्रे मारायचं औषध १९५८ पासून सुरू झालं, ट्राउट परत वाढवला, १९६६ पासून पॅसिफिकचे सॅमन आणून सोडले, आणि सत्तरचं दशक संपता संपता लेक सुपिरियरमधला स्मेल्ट धाडकन खाली आला. आता मिळतो पण नशिबाने. शिकागोला पण पूर्वी तलावकाठी मोठी जत्रा भरायची म्हणतात, आता लोक येतात, खुर्च्या टाकून बसतात, गप्पा मारतात आणि हात हलवत घरी जातात. (डुलुथवाल्यांनी तर माशाची गर्दी ओसरल्यावर माशाची मिरवणूक सुरू केली, बाहुल्या, बँड, चंदेरी कपडे, सगळं.)

म्हणजे सरकार गप्प बसतं त्याचं कारण असं की तो पाहुणा मासा आहे, कमी झाला तर स्थानिक माशांचं भलंच आहे. विस्कॉन्सिनमध्ये काही छोट्या तलावांत कोणीतरी स्मेल्ट नेऊन सोडला तर तिथली सिस्को नावाची मूळची जात संपली, वॉलआय नावाच्या तिथल्याच माशाची पिल्लं जगेनात, आणि मग तिथल्या संशोधकांनी एका तलावातून वर्षानुवर्षं जाळ्यांनी स्मेल्ट उपसला तरी तो गेला नाही. म्हणून डुलुथला सांगतात की धरलेला स्मेल्ट दुसऱ्या तलावात सोडू नका, साफ केल्याचं पाणी पण तिकडे ओतू नका, जाळ्यांना चिकटलेली अंडी जातील.

आणि आता गंमत बघा. ज्या मिनेसोटात स्मेल्ट बादल्या भरून नेतात, त्याच मिनेसोटात, त्याच एप्रिल महिन्यात, आतल्या तलावांत वॉलआय धरायला बंदी असते. वॉलआय हा त्यांचा राज्यमासा, १९६५ पासून. तो पण त्याच दिवसांत अंडी घालतो, म्हणून फेब्रुवारीच्या शेवटाला त्याचा सीझन बंद होतो तो मेच्या मध्यावर उघडतो, आणि उघडतो त्या दिवशी अख्खं राज्य गळ घेऊन तळ्यावर. म्हणजे एकच राज्य, एकच ऋतू, उपऱ्या माशाला एक न्याय आणि घरच्याला दुसरा. पत्रलेखकांनी पहिली अर्धी गोष्ट सांगितली, दुसरी अर्धी गाळली. आणि उपऱ्यालासुद्धा मोकळं रान नाहीये, डुलुथला जाळी पाण्यात घालायला लायसन्स लागतं, जावयाने माझ्यासाठी वेगळं काढलं. शेजारच्या मिशिगनमध्ये तर माणशी दिवसाला दोन गॅलनचं लिमिट आहे, म्हणजे साडेसात लिटर, त्याच्या वर नाही. २०२१ पासून तर लेक सुपिरियरच्या स्मेल्टमध्ये पीएफएएस नावाची न कुजणारी, न संपणारी केमिकल्स सापडली म्हणून महिन्यातून एकदाच खा असा सल्ला विस्कॉन्सिनने दिला, मग इतर राज्यांनी पण, त्यामुळे आम्ही पाव बादलीचं फार दुःख केलं नाही.

आता आपल्याकडे या.

मृग लागला, दोन-तीन दिवस धो धो पडला, पऱ्याला, म्हणजे गावच्या ओढ्याला, लाल पाणी आलं की रात्री मासे चढायला लागतात. आमच्याकडे वलगण म्हणतात, खाली रत्नागिरीकडे चढणीचे मासे. मळे, खवल, शिंगट्या, वाम, असे काय काय, सगळे गाबोळीने, म्हणजे अंड्यांनी, टच्च भरलेले. उन्हाळाभर नदीच्या कोंडीत, जिथे डोहात पाणी टिकून राहिलं तिथे, कसेबसे जगलेले हे मासे, ते उलट्या धारेने पऱ्यातून, दांडातून, थेट भातखाचरात येतात आणि तिथल्या उथळ, कोमट, शेवाळाच्या पाण्यात अंडी घालतात. पिल्लं खाचरातच वाढतात, पिल्लं खाणारे मोठे मासे तिथे फारसे येत नाहीत म्हणून त्यांना धोका कमी, आणि पाणी ओसरायला लागलं की खाली नदीत जातात. पुढच्या वर्षी नदीत जे काही मासे असणार ते या आठ-दहा रात्रींवर अवलंबून.

इथेच तो अमेरिकेचा हिशोब कोसळतो. डुलुथच्या नदीच्या तोंडाशी जो स्मेल्ट येतो त्याच्या मागे ८२ हजार चौरस किलोमीटरचा तलाव आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव हिश्शाहून मोठा. तिथे एका रात्रीत शंभर जणांनी जाळ्या ओढल्या तरी तलावातला बहुतेक मासा आतच असतो. आमच्या पऱ्यामागे काय आहे? उन्हाळ्यात आटत आटत उरलेल्या दोन-तीन कोंडी. तेवढेच मासे, तेवढाच त्यांचा रस्ता, आणि तो रस्ता दहा-बारा फूट रुंद. त्याच्यावर आडवं जाळं लावलं की एका रात्रीत पऱ्या रिकामा, त्याच्यासाठी काही फार मोठी टोळी लागत नाही, दोघं पुरतात.

पूर्वी धरत नव्हते का? धरायचे की, आम्ही पण धरलेत. बत्ती आणि कोयता घेऊन खाचरात फिरायचं, बांधाच्या तोंडाला बांबूच्या कामट्यांचा सापळा लावायचा, कोणी पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकायचा. पण त्या सापळ्याच्या कामट्यांतून बोटभर मासा सुटायचा, पाऊस वाढला की सापळाच वाहून जायचा, आणि माणूस दमून घरी जाऊन झोपायचा. घरी खायचे, शेजारी वाटायचे, उरले तर सुकवायचे. आता काय झालंय, नायलॉनचं मच्छरदाणीसारखं जाळं पऱ्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत बांधतात, खाली दगड लावून फट पण बंद करतात, आणि तीन-तीन दिवस काढतच नाहीत. दुसरे ते बॅटरी-इन्व्हर्टर घेऊन पाण्यात करंट सोडणारे, त्यात मासा तर मरतोच, बेडूक, खेकडे, पाणसाप, जे असेल ते पोट वर करून तरंगतं, आणि माणसं पण शॉक लागून मेल्याच्या बातम्या तुम्हीच छापता. तिसरे ब्लीचिंग पावडर टाकणारे, त्यांच्याबद्दल लिहायला लागलो तर तुम्ही छापणार नाही. आणि चौथी जमात नवीन, शनिवारी रात्री मुंबई-पुण्याहून गाडीने येऊन रील बनवणारे. हेडलाइटच्या उजेडात परातभर गाबोळीचे मासे आणि मागे गाणं. त्या रीलवर लोकेशन टाकलेलं असतं, पुढच्या शनिवारी तिथे अजून चार गाड्या. मग हायवेला टोपल्या लागतात, 'गावठी मासे, पोटात अंडी' असं ओरडून विकतात, अंडी आहेत म्हणून भाव जास्त.

सगळ्यात मला खटकतं ते हे. १ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते, माशांचा विणीचा काळ म्हणून. त्याबद्दल कोळी बांधवांची कुरकुर असते पण होड्या वर ओढलेल्या असतात. २०२३ मध्ये आपण पापलेटला राज्यमासा केला, त्याच वर्षी समुद्रातल्या ५४ जातींसाठी किमान आकार ठरवला, याच्याहून लहान धरायचा नाही म्हणून. चांगलं केलं. पण त्याच जून-जुलैत, त्याच कारणासाठी अंडी घालायला निघालेला नदीतला मासा, त्याचं कोणी नाव घेत नाही. पापलेट एक्स्पोर्ट होतो, मळे एक्स्पोर्ट होत नाहीत, एवढाच फरक असेल बहुतेक. कायदे नाहीत असंही नाही, पाण्यात सुरुंग फोडून किंवा विष टाकून मासे मारायला तर १८९७ च्या इंग्रजांच्या कायद्यापासून बंदी आहे, आणि १९६० च्या महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय कायद्यात आतल्या पाण्यासाठी पण बंदीचा काळ, जाळ्याचा आस म्हणजे भोकाचा आकार वगैरे ठरवायची सोय आहे. पण रात्री बारा वाजता भर पावसात पऱ्यावर कोण येणार बघायला. मी स्वतः एकदा एका ऑफिसात फोन केला होता ब्लीचिंगबद्दल, तर पलीकडचे साहेब म्हणाले लेखी तक्रार द्या, मासे मेल्याच्या फोटोसहित.

आता कोणी म्हणेल मग सरसकट बंदी घाला. त्याला पण माझा विरोध आहे, आणि इथे त्या पत्रलेखकांचा आणि माझा सूर थोडा जुळतो. आमच्या वाडीवरच्या कातकरी लोकांच्या घरात जूनमध्ये काय असतं ते जाऊन बघा. वीटभट्टीचं काम संपलेलं, शेतीचं धड सुरू नाही, रेशनचा तांदूळ आणि मीठ-मिरची. त्यांना हे मासे म्हणजे चैन नाही, त्या महिन्यातलं तेवढंच पोषण. आणि खरं सांगायचं तर पऱ्यातल्या माशाची, कुठल्या कोंडीत काय आहे, कधी चढेल याची जेवढी माहिती त्यांना आहे तेवढी मत्स्य खात्याला नाही. बंदी घातली की पहिला दंड त्यांनाच होणार, टोपली त्यांचीच जप्त होणार, आणि करंटवाला मोटरसायकलवर बसून कधीच निघून गेलेला असणार. हे नको.

मला वाटतं हे काम गावाने करायचं आहे, ग्रामसभेत, मे महिन्यात. फार काही अवघड नाही. पऱ्यावर काठ ते काठ जाळं बांधायचं नाही, अर्धी धार मोकळी सोडायची, म्हणजे धरणाऱ्याला पण मिळेल आणि चढणारा पण चढेल. मच्छरदाणी चालणार नाही. पाऊस लागल्यावरच्या पहिल्या तीन रात्री कोणीच उतरायचं नाही, कारण पहिल्या लोंढ्यात सगळ्यात जास्त अंडीवाले असतात, त्यानंतर हाताने, कोयत्याने, पागाने, सापळ्याने घरापुरतं धरा. विकायला नाही. करंट आणि ब्लीचिंग दिसलं की सरळ पोलीस. बाहेरच्या गाड्यांना पऱ्यावर मज्जाव. आणि वाडीवरच्या दोन माणसांना पंचायतीने त्या पंधरा दिवसांची मजुरी देऊन राखण करायला लावा, त्यांच्याइतकी चांगली राखण दुसरं कोणी करणार नाही.

असं कुठे होतं का म्हणून हसू नका. आमच्याच तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड आहे, तिथे देवीचे मासे म्हणून कोणी गळ टाकत नाही, केवढाले महासीर आहेत, लोक चुरमुरे टाकतात तर पाणी उसळतं. वाडा तालुक्यात तिळसेला वैतरणा नदीत पण तसंच, महादेवाचे मासे. तिथे फॉरेस्टचा गार्ड उभा नाही की सीसीटीव्ही नाही. पिढ्यानपिढ्या एका डोहापुरतं लोकांनी ठरवलं आणि पाळलं. पऱ्याला देव नाही म्हणून काय झालं, ग्रामसभेचा ठराव तरी आहे.

आणि पत्रलेखकांना अमेरिकेसारखं मनसोक्त बादल्या भरून मासे धरायचेच असतील तर त्यांना जागा दाखवतो. आपल्याकडे पण उपरे मासे आहेत. चिलापी १९५२ साली भारतात आणला, आज एकही तळं त्याच्यावाचून नाही. आफ्रिकन मांगूर तर केंद्राने २००० साली बंदी घातलेला, तरी चोरून पाळतात आणि पुरात सुटून नद्यांत जातो, जे पुढे येईल ते खातो. स्मेल्टची तुलना करायचीच तर यांच्याशी करा. आमच्या गावच्या तळ्यात चिलापी मुबलक आहे, या रात्री जाळी घेऊन, शेकोटी मी पेटवून देतो, लायसन्स पण मागणार नाही. फक्त धरलेला परत पऱ्यात सोडू नका.

संपादक साहेब, एक विनंती. हे पत्र मे संपायच्या आत छापा, थोडं कापलंत तरी चालेल, ग्रामसभांच्या ठरावाचा भाग तेवढा ठेवा. गेल्या वर्षी याच विषयावर पाठवलेलं पत्र तुम्ही जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात छापलं होतं, तोवर हायवेवरच्या टोपल्या पण उठल्या होत्या.

आपला,
एक वाचक
ता. महाड, जि. रायगड